पंधरा हजार नऊशे रुपयांची बाटली आणि गोव्याचा आरोग्यखर्च

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रोश या स्विस औषध कंपनीची याचिका फेटाळली आणि रिस्डिप्लाम या औषधाची भारतीय आवृत्ती बाजारात आणण्याचा हैदराबादच्या नॅटको कंपनीचा मार्ग मोकळा झाला. मूळ कंपनीच्या एका बाटलीची किंमत सहा लाख रुपयांच्या वर होती. नॅटकोने आपल्या बाटलीची किंमत १५,९०० रुपये जाहीर केली. हे औषध स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी या आनुवंशिक आजारावरचे आहे. या आजारात स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जारज्जूतील चेतापेशी मरत जातात आणि तीव्र प्रकारात बाळ बसायला शिकण्याआधीच गिळण्याची व श्वास घेण्याची ताकद गमावते. किमतीतील ही घसरण ज्यांच्या घरात असे मूल आहे त्यांना लगेच कळली. राज्य सरकारांना ती कळली आहे असे त्यांच्या योजनांवरून तरी दिसत नाही.

माझे प्रतिपादन असे आहे की आरएनएच्या स्प्लायसिंगमध्ये, म्हणजे जनुकाच्या प्रतीच्या पेशीत होणाऱ्या कापण्या-जोडण्यात, हस्तक्षेप करणाऱ्या उपचारांवर (रिस्डिप्लाम हा त्यांतलाच एक) सार्वजनिक पैसा खर्च करताना सरकारने पहिली पसंती लहान रासायनिक रेणूंना द्यावी, त्यासाठी दरवर्षीची कायम तरतूद करावी, आणि गोव्याने या कामात इतर राज्यांची वाट पाहू नये. या मताचा आधार दयेपेक्षा रसायनशास्त्रात आणि हिशेबात अधिक आहे. म्हणून आधी त्या रसायनशास्त्राकडे पाहावे लागेल.

फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांना १९७७ मध्ये अ‍ॅडिनोव्हायरसवर काम करताना असे आढळले की जनुकातील माहिती सलग नसते. जनुकाची प्रत आरएनएच्या रूपात निघते तेव्हा तिच्यात प्रथिनासाठी लागणारे भाग, म्हणजे एक्झॉन, आणि मधले काढून टाकायचे भाग, म्हणजे इंट्रॉन, असे दोन्ही असतात. पेशी इंट्रॉन कापून टाकते आणि एक्झॉन एकमेकांना जोडते. या कापण्या-जोडण्यालाच स्प्लायसिंग म्हणतात. या शोधासाठी दोघांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाची प्रथिने घडवणारी जनुके सुमारे वीस हजारच असूनही त्यांच्यापासून त्याहून कितीतरी अधिक प्रकारची प्रथिने तयार होतात, याचे एक मोठे कारण हेच आहे की बहुतेक जनुकांचे एक्झॉन वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळ्या प्रकारे जोडले जातात.

कोणता एक्झॉन ठेवायचा आणि कोणता वगळायचा हे मुख्यतः आरएनएला चिकटणारी प्रथिने ठरवतात. माणसाच्या पेशीत अशी सुमारे दीड हजार प्रथिने आहेत. त्यांतली काही एक्झॉनवर बसून तो ठेवण्याची खूण करतात, काही त्याच्या शेजारी बसून तो वगळायला भाग पाडतात. एकाच प्रथिनाचे काम जागेनुसार उलटेही होऊ शकते. ही बैठकव्यवस्था बिघडली की आजार होतो, आणि ती औषधाने बदलता आली तर आजार आवरता येतो. मात्र या प्रथिनांचे आरएनए धरणारे पृष्ठभाग बहुधा सपाट आणि पसरट असतात. लहान रेणू घट्ट रुतून बसेल अशी खोलगट जागा तिथे क्वचितच सापडते. शिवाय शेकडो प्रथिनांत आरएनए धरणारा भाग एकमेकांसारखाच असल्यामुळे एकाला अडवायला गेलेला रेणू दहांना अडवू शकतो. म्हणूनच ही प्रथिने दीर्घकाळ औषधांच्या आवाक्याबाहेरची मानली गेली.

या अडचणीतून रसायनशास्त्रज्ञांनी जे मार्ग काढले, त्यांतला पहिला त्यांना सूक्ष्म जीवाणूंनी दाखवला. एफआर९०१४६४ हा पदार्थ एका स्यूडोमोनास जीवाणूपासून आणि प्लाडिएनोलाइड हा एका स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूपासून मिळाला होता. दोन्ही पदार्थ कर्करोगाच्या पेशी मारतात हे माहीत होते, पण कसे मारतात हे माहीत नव्हते. २००७ मध्ये जपानमधून आलेल्या दोन स्वतंत्र शोधनिबंधांनी दाखवून दिले की दोघांचेही लक्ष्य स्प्लायसिंग यंत्रणेतील एसएफ३बी हा प्रथिनसंच आहे. त्यानंतर चारच वर्षांनी, २०११ मध्ये, मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या रक्ताच्या आजाराच्या अनेक रुग्णांत याच संचातील एसएफ३बी१ या प्रथिनाचे जनुक बिघडलेले आढळले. लक्ष्य हाती होते आणि त्यावर बसणारा रेणूही हाती होता, त्यामुळे आशा वाढणे साहजिक होते.

प्रत्यक्षात काय झाले, हे धोरण ठरवणाऱ्यांनी नीट वाचायला हवे. प्लाडिएनोलाइडपासून बनवलेल्या ई७१०७ या औषधाच्या पहिल्या टप्प्यातील चाचण्यांत काही रुग्णांच्या दृष्टीला इजा झाली आणि ते औषध पुढे नेले गेले नाही. त्याच वंशातल्या एच३बी-८८०० या तोंडाने घेण्याच्या औषधाने काही रुग्णांची रक्त चढवून घेण्याची गरज कमी केली, पण आजार हटल्याचे चाचणीच्या निकषांवर दिसले नाही. पेशीतील प्रत्येक जनुकाला लागणाऱ्या यंत्रणेचा मुख्य भागच अडवला तर निरोगी पेशींनाही त्याची किंमत मोजावी लागते, आणि तिथे औषधाची मात्रा व विषाची मात्रा यांच्यात अंतर फारच थोडे उरते.

दुसरा मार्ग इंडिसुलाम या औषधाचा आहे, आणि तो मला सर्वांत बोधक वाटतो. जपानच्या ऐसाय कंपनीचे हे सल्फोनामाइड गटातले औषध वेगवेगळ्या कर्करोगांच्या रुग्णांवर अनेक चाचण्यांत वापरून पाहिले गेले. थोड्यांना गुण आला, बहुतेकांना आला नाही, आणि ते मागे पडले. ते नेमके करते काय, हे कळायला २०१७ साल उजाडले. त्या वर्षी दोन गटांनी दाखवले की इंडिसुलाम डीसीएएफ१५ या प्रथिनाला आरबीएम३९ या स्प्लायसिंगमधील आरएनए-बंधक प्रथिनाशी चिकटवते, आणि पेशीची स्वतःचीच कचरा निपटवणारी यंत्रणा मग आरबीएम३९ चा नाश करते. म्हणजे ज्या प्रथिनात रेणूला रुतायला जागा नव्हती, त्याला अडवण्याऐवजी नष्ट करण्याची वाट सापडली. पण त्याचा दुसरा अर्थ असा की ज्यांच्या गाठींत डीसीएएफ१५ पुरेसे होते आणि ज्यांच्या गाठींत ते नव्हते, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण कोणतीही निवड न करता एकाच औषधाच्या चाचणीत ओढले गेले होते. त्या काळी कोणाला ते ठाऊक नव्हते, त्यामुळे दोष देता येत नाही. आज मात्र ठाऊक आहे. स्प्लायसिंगवर काम करणाऱ्या एखाद्या औषधाची चाचणी उद्या गोव्यातील रुग्णालयात घ्यायचे ठरले, तर रुग्णाच्या पेशींची रेणवीय तपासणी आधी होणार की नाही, हा प्रश्न नैतिक समितीने पहिल्याच बैठकीत विचारला पाहिजे. २०१९ च्या नव्या औषध व चिकित्सा चाचणी नियमांनी भरपाईची आणि संमतीची चौकट घालून दिली आहे, पण रुग्णाला मुळात या चाचणीत घेण्याजोगे काही कारण आहे का, हे ठरवण्याचे काम नियम करू शकत नाहीत.

तिसरा मार्ग यशस्वी ठरला, कारण त्याची महत्त्वाकांक्षा मर्यादित होती. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीत एसएमएन१ हे जनुक नादुरुस्त असते. त्याची जवळजवळ तंतोतंत प्रत असलेले एसएमएन२ प्रत्येक रुग्णाकडे असते, पण एका अक्षराच्या फरकामुळे त्याचा सातवा एक्झॉन बहुतेक वेळा वगळला जातो आणि टिकाऊ प्रथिन थोडेच बनते. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील रवींद्र सिंग यांच्या गटाने या एक्झॉनच्या पुढच्या इंट्रॉनमध्ये एक छोटा तुकडा शोधून काढला. त्या तुकड्यावर एचएनआरएनपी-ए१ सारखी प्रथिने बसली की सातवा एक्झॉन वगळला जातो. ती बसू नयेत म्हणून तो तुकडाच झाकून टाकणारे नुसिनर्सेन हे औषध संशोधक एड्रियन क्रेनर आणि आयोनिस ही औषध कंपनी यांच्या कामातून घडले आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झाले. रिस्डिप्लामला तिथे ऑगस्ट २०२० मध्ये मंजुरी मिळाली. हा रेणू सातव्या एक्झॉनच्या टोकाशी यू१ या स्प्लायसिंग कणाची पकड घट्ट करतो. याच कुळातील रेणूंवरील अभ्यासांत असेही दिसले आहे की त्यांच्यामुळे एक्झॉनमधील एका जागेवरून एचएनआरएनपी-जी हे प्रथिन बाजूला होते. यंत्रणा बंद न पाडता एका जनुकाच्या एका एक्झॉनवरचा तिचा निर्णय बदलायचा, एवढेच हे काम आहे.

आता या आजारावरच्या तीन उपचारांची तुलना करू, कारण सार्वजनिक पैशाचा प्रश्न तिथेच उभा राहतो. जनुकोपचार, म्हणजे नादुरुस्त जनुकाचे काम करणारे चांगले जनुक पेशींत पोहोचवणे, एकदाच द्यावा लागतो. २०१९ मध्ये तो अमेरिकेत मंजूर झाला तेव्हा त्याची किंमत एकवीस लाख डॉलरच्या वर होती, आणि आपल्याकडे सोळा कोटी रुपयांच्या लोकवर्गणीची आवाहने आपण सर्वांनी वाचली आहेत. तो विषाणूच्या कवचात भरून बनवावा लागतो आणि तशी उत्पादनव्यवस्था उभारणे फारच थोड्यांना जमते. नुसिनर्सेन मणक्यातून टोचावे लागते. सुरुवातीला चार मात्रा आणि नंतर दर चार महिन्यांनी एक, तीही आयुष्यभर. मणका वाकलेल्या रुग्णात ही सुई अचूक जागी जाणे सोपे नसते. रिस्डिप्लाम मात्र दिवसातून एकदा तोंडाने घ्यायचे औषध आहे. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा हा लहानसा रेणू प्रयोगशाळेत घडवता येतो, कारखान्यात मोठ्या प्रमाणावर घडवता येतो, आणि त्याची शुद्धता भारतातील कोणत्याही चांगल्या गुणवत्ता-विभागात असलेल्या उपकरणांनी तपासता येते. किंमत एकोणचाळीस पटींनी उतरू शकली याचे मूळ या साधेपणात आहे. जनुकोपचाराचे पेटंट उद्या रद्द झाले तरी त्याची किंमत अशी कोसळणार नाही.

या खटल्याबद्दल येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण औषधे स्वस्त करणारे न्यायालय अशी त्याची ढोबळ समजूत करून घेणे योग्य नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी रोशला अंतरिम मनाई देण्यास नकार दिला आणि ऑक्टोबरमध्ये खंडपीठाने तो नकार कायम ठेवला. वाद असा होता की रोशच्या आधीच्या एका पेटंटात रेणूंचे एक मोठे कुळ समाविष्ट होते आणि रिस्डिप्लाम त्या कुळातील रेणूंपासून फार दूर नाही. एका ठिकाणी कार्बन-हायड्रोजनच्या जागी नायट्रोजन आला आहे. हा बदल त्या क्षेत्रातील जाणकाराला सुचण्याजोगाच होता, त्यामुळे नंतरच्या पेटंटाच्या वैधतेला आव्हान देण्याइतका आधार प्रथमदर्शनी आहे, असे न्यायालयाचे मत पडले. हा अंतरिम टप्प्यावरचा निर्णय आहे आणि मूळ दाव्याचा शेवट वेगळा होऊ शकतो. खरेदी करणाऱ्या सरकारला हे विसरून चालणार नाही. पण २०१२ मध्ये सोराफेनिब या कर्करोगावरील औषधासाठी दिला गेलेला सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीविना उत्पादनाची मुभा) आणि हे प्रकरण यांत एक महत्त्वाचा फरक आहे. तिथे सरकारने आपला खास अधिकार वापरला होता. इथे पेटंट कायद्याची रोजची, सर्वसाधारण कसोटी पुरेशी ठरली.

गोव्याचा हिशेब आता मांडता येतो. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या थोडी वर होती आणि जन्मदर हजारी बाराच्या आसपास आहे. म्हणजे वर्षाला अठरा ते वीस हजार जन्म. हा आजार जगभरात साधारण दहा हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. त्या प्रमाणाने गोव्यात वर्षाला सरासरी दोन बाळे जन्मतात. रिस्डिप्लामच्या बाटलीत ६० मिलिग्रॅम औषध असते. वीस किलोंवरील मुलाला किंवा प्रौढाला दिवसाला ५ मिलिग्रॅम, म्हणजे वर्षाला तीस-एकतीस बाटल्या लागतात. १५,९०० च्या दराने हा खर्च पावणेपाच ते पाच लाख रुपये होतो. मूळ किमतीने तोच एक कोटी ऐंशी लाखांच्या पुढे गेला असता. दोन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम लागते, तेव्हा आठ किलोंच्या बाळाचा वर्षाचा खर्च दीड-पावणेदोन लाखांत भागतो. राज्यात उपचार घेणाऱ्यांची संख्या वीसवर गेली आणि सर्वांना पूर्ण मात्रा लागली असे धरले, तरी खर्च वर्षाला एक कोटीच्या आसपास राहतो. २०२५-२६ चा गोव्याचा अर्थसंकल्प अठ्ठावीस हजार कोटींच्या वर आहे. सरकारी बोलीपद्धतीत छापील किमतीपेक्षा कमी भाव मिळतो, तो फायदा मी या हिशेबात धरलेलाच नाही.

तरीही आज एखादे गोमंतकीय कुटुंब सरकारी दारात गेले तर त्याला कोणती खिडकी सापडते? दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे वार्षिक संरक्षण आहे. पण ही योजना ठरलेल्या उपचारप्रक्रियांच्या यादीवर चालते. रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यासाठी ती आखलेली आहे, घरी रोज औषध पिणाऱ्या मुलासाठी नाही. केंद्राचे २०२१ चे दुर्मिळ आजार धोरण पन्नास लाखांपर्यंत साहाय्य देते, पण ते ठरावीक उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते, आणि त्यासाठी आपल्या माणसांना मुंबईच्या केईएम रुग्णालयाची वाट धरावी लागते. शिवाय पन्नास लाख ही एकरकमी मर्यादा आहे, तर औषध आयुष्यभराचे आहे. जुन्या किमतीने ती रक्कम काही महिन्यांत संपली असती. नव्या किमतीने ती दहा वर्षे पुरेल, पण मूल दहा वर्षांचे झाल्यावर काय, याचे उत्तर त्या धोरणात नाही.

म्हणून गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, औषधखरेदीत या औषधासाठी स्वतंत्र, दरवर्षी आपोआप चालू राहणारी तरतूद असावी, आणि रुग्णाने औषध नेण्यासाठी दरवेळी नवा अर्ज करण्याची गरज नसावी. मधुमेही माणसाला इन्सुलिन नेताना आपण कोणाच्या शिफारशीचे पत्र मागत नाही. केरळने या आजाराच्या मुलांना रिस्डिप्लाम सरकारी खर्चाने द्यायला सुरुवात केली तेव्हा किंमत आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होती. गोव्याची खरी अडचण पैशापेक्षा आकाराची आहे. वीस रुग्णांसाठी बोली मागवणाऱ्या राज्याला कोणी विशेष भाव देत नाही. त्यावर महाराष्ट्र किंवा कर्नाटकाबरोबर संयुक्त खरेदी हा उपाय आहे, आणि त्यासाठी दोन आरोग्य सचिवांनी एका टेबलावर बसण्यापलीकडे फारसे काही लागत नाही. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटकाशी आपले जे चालले आहे ते चालू राहो, औषधाच्या बोलीला त्याची आडकाठी असण्याचे कारण नाही.

यात गोव्याच्या उद्योगाला जागा आहे का, हेही विचारले पाहिजे. वेर्णा, पिळर्ण, कुंडई, कोलवाळ, करासवाडा या वसाहतींत औषधांचे कारखाने आहेत, आणि त्यांचे मुख्य कौशल्य तयार औषधे बनवण्याचे आहे. मूळ औषधद्रव्य बहुतेक वेळा बाहेरून येते आणि येथे त्याची गोळी, कॅप्सूल किंवा मलम होते. या कामाकडे आपल्याकडचे विद्वान थोडे तुच्छतेने पाहतात आणि गोव्याने स्वतःचा नवा रेणू शोधला पाहिजे अशी भाषणे करतात. दोनापावला येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे, झुआरीनगरला बिट्स आहे, खाजनांच्या आणि खारफुटीच्या चिखलात जीवाणूंची कमतरता नाही, आणि प्लाडिएनोलाइडही शेवटी एका जीवाणूचेच देणे आहे. हे सगळे खरे आहे. पण जीवाणूतून रेणू, रेणूतून औषध आणि औषधातून मंजुरी हा प्रवास कसा होतो, हे ई७१०७ च्या कथेत वर आलेच आहे. त्या संशोधनाला पैसा जरूर द्यावा, पण त्याची फळे पुढच्या अर्थसंकल्पात मोजू नयेत. तातडीने हाती घेण्याजोगे काम वेगळे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत रिस्डिप्लामच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीला मंजुरी मिळाली. दोन वर्षांवरील आणि वीस किलोंवरील रुग्णांना ती घेता येते आणि द्रावणासारखी शीतपेटीत ठेवावी लागत नाही. अशी गोळी बनवणे, तिची स्थिरता आपल्या दमट हवेत तपासणे आणि ती मूळ औषधाइतकीच रक्तात उतरते हे सिद्ध करणे, हे वेर्ण्यातील अनेक कारखान्यांचे नित्याचे काम आहे. कोणत्या तालुक्यात वीज किती तास जाते, याचा अनुभव असलेल्या वाचकाला शीतपेटी न लागण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

औषध उपलब्ध करून थांबणे मात्र पैशाचा अपव्यय ठरेल, कारण या आजारात वेळ फार महत्त्वाची आहे. मेलेली चेतापेशी कोणताही रेणू परत आणत नाही. तीव्र प्रकारची लक्षणे दिसू लागल्यानंतर ज्या ४१ बाळांना रिस्डिप्लाम दिले गेले, त्यांपैकी १२ बाळे वर्षभराच्या उपचारानंतर आधाराशिवाय पाच सेकंद बसू शकली. उपचाराविना यांतले एकही बसले नसते, म्हणून हे यश मोठेच आहे. पण लक्षणे दिसण्यापूर्वीच, जन्मानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत ज्यांना औषध सुरू झाले, त्यांच्यातली बहुतेक बाळे वर्षाच्या आत बसू लागली. एकच औषध आणि तोच खर्च असूनही दोन निकालांत इतके अंतर पडते. नवजात बालकांची चयापचयाच्या आजारांसाठी चाळणी २००८ मध्ये सरकारी पातळीवर सुरू करणाऱ्या राज्यांत गोवा आघाडीवर होता. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या त्याच वाळलेल्या थेंबातून एसएमएन१ चा सातवा एक्झॉन आहे की नाही हे डीएनए-चाचणीने पाहता येते. प्रसूती बांबोळीला होवो, म्हापशाला होवो वा मडगावला, रक्ताचा थेंब एकाच प्रयोगशाळेत जाऊ शकतो. हे राज्य तेवढे लहान आहे, आणि खरेदीच्या वेळी आड येणारा तोच आकार इथे उपयोगी पडतो.

या सगळ्यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी बोलून दाखवला होता. डायलिसिसच्या खुर्च्या अपुऱ्या असताना आणि कर्करोगाचे रुग्ण मुंबईला जात असताना दोन बाळांसाठी वेगळी व्यवस्था का करायची? एका मुलामागे वर्षाला दोन कोटी लागत होते तोवर या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नव्हते, आणि भावनेने दिलेले उत्तर खजिन्याला परवडत नाही. पाच लाखांवर मात्र तुलनाच बदलते. डायलिसिसच्या रुग्णावर वर्षाकाठी होणारा खर्च, त्याची औषधे आणि आठवड्यातून दोन-तीनदाचा प्रवास जमेस धरला तर तो याच्या फार खाली राहत नाही, आणि तो आपण एकमताने करतो. व्हेंटिलेटरवर अतिदक्षता विभागात महिनोन् महिने असलेल्या बाळाचा खर्चही सरकारच उचलते. तो फक्त वेगळ्या शीर्षाखाली जातो, म्हणून दिसत नाही.

दुसरा आक्षेप संशोधनाचा. नक्कल करणाऱ्यांनी किंमत पाडली तर पुढचा रेणू कोण शोधेल? या आजाराच्या बाबतीत इतिहास थोडा वेगळे सांगतो. स्प्लायसिंगचा शोध, १९९५ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी लावलेला एसएमएन जनुकाचा शोध, प्रथिने एक्झॉन का वगळतात याचा शोध, हे बहुतांशी सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळांत लागले. शेवटचा आणि महागडा टप्पा कंपन्यांनी पार पाडला, त्याचा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे, आणि श्रीमंत देशांच्या बाजारातून तो मिळतोही आहे. गोव्यातील दोन बाळांची किंमत त्या ताळेबंदात धरलेली नव्हती, कारण जुन्या किमतीला ती बाळे ग्राहक होऊच शकत नव्हती.

माझा स्वतःचा आक्षेप या दोन्हींपेक्षा वेगळा आहे आणि तो औषधाच्या स्वभावाशी निगडित आहे. एका एक्झॉनसाठी घडवलेला रेणू त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतर एक्झॉनांनाही थोडेफार हात लावतो. रिस्डिप्लामच्या बाबतीत फॉक्सएम१ आणि एमएडीडी या जनुकांच्या स्प्लायसिंगवर परिणाम होतो हे नोंदलेले आहे. त्याचा पूर्वज आरजी७८०० माकडांच्या दृष्टिपटलाला इजा करतो असे दिसल्याने थांबवावा लागला. नोव्हार्टिसचे ब्रानाप्लाम हे याच पद्धतीचे औषध हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारासाठी वापरताना २०२२ मध्ये रुग्णांच्या परिघीय चेतातंतूंना इजा होते असे आढळून चाचणी बंद झाली. रिस्डिप्लामच्या रुग्णांत दृष्टीची तशी हानी आढळलेली नाही, पण आज औषध सुरू होणारे बाळ ते साठ वर्षे घेणार आहे, आणि साठ वर्षांचा अनुभव अजून कोणाकडेच नाही. प्राण्यांतील अभ्यासांमुळे पुरुषांच्या प्रजननक्षमतेबद्दलही सावधगिरीची सूचना औषधाच्या माहितीपत्रकात आहे. ती सूचना वयात येणाऱ्या मुलाला आणि त्याच्या पालकांना मराठीत किंवा कोकणीत समजावून सांगण्याची जबाबदारी औषध देणाऱ्यावर येते.

तेव्हा राज्याने औषध देताना प्रत्येक रुग्णाची नोंदवही ठेवावी. तिच्यात दरवर्षी दृष्टिपटलाची तपासणी, वजनानुसार बदललेली मात्रा, हातपाय आणि गिळण्याच्या ताकदीचे मोजमाप, आणि औषध कोणत्या उत्पादकाचे होते, कोणत्या तुकडीचे होते याची नोंद असावी. २०१० पासून देशात दुष्परिणाम नोंदवण्याचा कार्यक्रम आहे, पण तो डॉक्टरने आपणहून कळवण्यावर अवलंबून आहे आणि तिथे माहिती तुटक येते. वीस रुग्णांची सलग नोंद ठेवणे गोमेकॉच्या औषधशास्त्र विभागाला अवघड नाही. पणजीच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना त्यात काम देता येईल. नोंदवहीचा ताबा रोशकडे किंवा नॅटकोकडे नसावा. नावे काढून ती दरवर्षी प्रसिद्ध करावी, म्हणजे केरळ किंवा महाराष्ट्र अशाच नोंदी ठेवत असतील तर त्या एकत्र वाचता येतील, आणि न्यायालयाचा अंतिम निकाल उद्या रोशच्या बाजूने लागला तर किमतीच्या वाटाघाटींत बसणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांच्या हाती कंपनीच्या माहितीखेरीज स्वतःचीही काही माहिती असेल.